बाटली वाजते, सिस्टर

नोव्हेंबर 2025. डर्बनमध्ये हा महिना म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात. सकाळी साडेआठलाच अंगाला चिकचिक सुटली आहे. चर्चच्या मागच्या या हॉलमध्ये छताला तीन पंखे आहेत. फिरतो एकच, म्हणून त्याच्याखालच्या खुर्च्या आधी भरल्या. प्रार्थना झाली. प्रार्थनेनंतरचं गाणंही झालं. इथं गाण्याशिवाय कुठलंच प्रशिक्षण सुरू होत नाही, आणि हॉलभर नर्सेसनी हातात कागद न घेता वेगवेगळ्या पट्ट्यांत लावलेले आवाज ऐकले की आपल्याकडचं दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळ फारच केविलवाणं वाटायला लागतं.

क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या लहान-मोठ्या सरकारी क्लिनिकांतून या बायका आल्यात. गर्भनिरोधकाची सुई, गरोदर बाईची तपासणी, टीबीच्या गोळ्या, एचआयव्हीची चाचणी, सगळं एकाच टेबलावर करणाऱ्या. खांद्यावर मरून रंगाच्या पट्ट्या, पट्टीवर रंगीत चकत्या. कोण कशात शिकलंय ते त्यावरून कळतं. बऱ्याच जणी पन्नाशीच्या पुढच्या आहेत. म्हणजे 2004 च्या आधी, सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची औषधं जवळजवळ मिळतच नव्हती, तेव्हापासून यांनी हा आजार बघितलाय. माझ्या शेजारी बसलेल्या सिस्टर त्याबद्दल एवढंच सांगतात की त्या काळात त्यांचा एकही शनिवार मयताशिवाय गेला नाही. मला झुलू येत नाही, म्हणून या सिस्टरच माझ्या दुभाषी. मला त्या ‘सिसी’ म्हणतात, आणि कंटाळा आला की अर्थ सांगायचं सरळ सोडून देतात.

प्रशिक्षण देणारी बाई यांच्यातलीच आहे, वर्षानुवर्षं क्लिनिकात राबलेली. प्रोजेक्टर आहे, पण तिनं तो लावलेला नाही. पुढच्या टेबलावर तिनं प्रेपच्या, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या औषधांच्या, चार जागा केल्यात. पहिल्या जागी गोळ्यांची पांढरी बाटली. दुसऱ्या जागी चंदेरी पाकिटातली रिंग. तिसऱ्या जागी कॅबोटेग्राविरच्या सुईचं रिकामं खोकं. चौथ्या जागी नुसता कागद, त्यावर मार्करनं लिहिलंय: लेनाकापाविर.

‘‘हे कुठंय?’’ मागून कुणीतरी कागदाकडे बोट दाखवून विचारतं.

‘‘नाव नोंदवून झालंय. माल यायचाय,’’ ती म्हणते, आणि हॉलमध्ये हसू पिकतं. सरकारी कारभाराची जात सगळीकडे एकच. दक्षिण आफ्रिकेच्या औषध नियामकानं लेनाकापाविरच्या सुईला मान्यता दिली ती गेल्याच महिन्यात, ऑक्टोबर 2025 मध्ये.

ती बाटली उचलते आणि कानाजवळ धरून हलवते. खुळखुळ.

‘‘कुणाकुणाला ऐकू गेलं?’’

सगळेच हात वर.

‘‘इथं नाही हो. तिच्या घरी कुणाकुणाला ऐकू जातं?’’

आता उत्तरं पटापट येतात. आईला. बॉयफ्रेंडला. मावशीला. खोलीच्या मालकिणीला. टॅक्सीत शेजारी बसलेल्याला. इथली टॅक्सी म्हणजे पंधरा-सोळा माणसं कोंबलेली मिनीबस, मांडीवरच्या पर्समध्ये काय वाजतंय ते पुढच्या सीटपर्यंत कळणार. एक सडपातळ नर्स उभी राहून सांगते की तिच्याकडच्या मुली बाटलीत कापूस भरतात. दुसरी सांगते, व्हिटॅमिनच्या डबीत ओततात. तिसरी म्हणते, क्लिनिकाच्या फाटकाबाहेरच्या कचरापेटीत तिला बाटल्या सापडतात; मुली गोळ्या रुमालात बांधून नेतात. बाटली वाजते हे एक आणि ती ओळखीची आहे हे दुसरं. एचआयव्ही झालेल्या माणसाला मिळते तशीच ही बाटली दिसते, त्यामुळे आजार होऊ नये म्हणून गोळी घेणाऱ्या मुलीला तो झालाय असंच घर धरून चालतं. मग हिनं कितीही खुलासे करावेत.

गोळीत वाईट काही नाही. रोज घेतली तर ती उत्तम काम करते. पण हे ‘रोज’ बायकांच्या बाबतीत खरोखर रोज असावं लागतं, कारण गुदमार्गापेक्षा योनीच्या पेशींत हे औषध कमी साठतं. चुकलेल्या दिवसांची माफी बाईला कमी मिळते. प्रशिक्षिका हे सांगते तेव्हा मागून एक सुस्कारा येतो आणि शेजारच्या सिस्टर त्याचा अर्थ मला सांगत नाहीत. सांगायची गरजही नाही.

मग ती ‘व्हॉइस’ नावाच्या चाचणीची गोष्ट सांगते. गोष्टच म्हणायची, कारण हातात ना आलेख ना तक्ता. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या 5,029 बायका. कुणाला रोज गोळी, कुणाला रोज लावायचं जेल, कुणाला त्याच रूपातलं औषध नसलेलं काहीतरी. बायका दर महिन्याला यायच्या, उरलेल्या गोळ्या परत द्यायच्या, त्या मोजल्या की हिशेब बरोबर. दहातल्या नऊ गोळ्या पोटात गेल्यासारखा. 2013 मध्ये निकाल आले तेव्हा यातलं काहीच चाललं नव्हतं. रक्ताचे नमुने तपासले तर गोळीवाल्या बायकांच्या तीनातल्या एका नमुन्यातही धड औषध सापडेना.

‘‘त्या खोटं बोलल्या,’’ पहिल्या रांगेतल्या एक वयस्क बाई ठणकावून म्हणतात. त्यांना सगळे ‘मा’ म्हणतात.

‘‘बरोबर, मा. आणि कुणाशी बोलल्या?’’

मा गप्प बसत नाहीत; त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीतच. ‘‘आमच्याशी,’’ त्या म्हणतात. ‘‘कारण आम्ही ओरडतो.’’

हसू होतं, पण या वेळी जरा वेळानं.

मला इथं पुणं आठवतं. रोज किंवा संबंधांच्या वेळी लावायच्या टेनोफोविर जेलच्या सुरुवातीच्या एका चाचणीत अमेरिकेतल्या बायकांबरोबर पुण्यातल्या बायकाही होत्या. पुढं याच प्रांतात, डर्बन शहरात आणि व्हुलिंडलेला नावाच्या ग्रामीण भागात, 889 बायकांवर झालेल्या चाचणीत त्या जेलनं लागण 39 टक्क्यांनी कमी झाली. 2010 मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत तो निकाल सांगितला क्वारिशा आणि सलीम अब्दुल करीम या डर्बनच्याच जोडप्यानं. पुरुषाची परवानगी न मागता बाईला वापरता येईल असं काहीतरी चालतं, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पाच वर्षांनी मोठ्या चाचणीत तेच जेल नापास झालं. औषध तेच, देश तोच. पण बाईच्या दिवसात ते बसेना. ज्यांना असले निकाल फक्त टक्क्यांत वाचायची सवय असते त्यांनी या हॉलमध्ये एक सकाळ काढावी असं मला वाटतं.

रिंग आता हातोहात फिरते आहे. तान्ह्या बाळाच्या बांगडीएवढी, पांढरट, सिलिकॉनची. दाबली की आठाच्या आकड्यासारखी होते, सोडली की पुन्हा गोल. आत 25 मिलिग्रॅम डॅपिविरीन. बाईनं ती स्वतः योनीत बसवायची, महिनाभर ठेवायची, पाळीत काढायची नाही, संबंधांच्या वेळी काढायची नाही, महिन्यानं बदलायची. औषध तिथल्या तिथं पाझरतं. रक्तात जवळजवळ जातच नाही. माझ्या हातात येते तेव्हा ती कोमट झालेली असते, इतक्या जणींनी ती चाचपून बघितली आहे. एकीनं आपल्या मनगटाशी लावून बघितली. मांनी मात्र ती दोन बोटांच्या चिमटीत धरून उजेडाकडे नेली, उलटसुलट केली आणि शेजारणीकडे सरकवली. तोंडानं एकच शब्द: ‘‘हायबो!’’ अरे बापरे आणि काहीतरीच काय, यांच्या मधलं काहीतरी.

‘‘किती टक्के?’’ मा विचारतात.

प्रशिक्षिका लपवत नाही. 2016 मध्ये आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत लागण साधारण तीस टक्क्यांनी कमी झाली. ज्यांनी नेमानं ठेवली त्यांच्यात त्याहून जास्त.

‘‘आणि ही?’’ मांचं बोट तिसऱ्या जागेवर.

दोन महिन्यांतून एकदा कमरेखाली घ्यायची सुई. 3,224 बायकांची चाचणी, आणि 2020 मध्ये ती वेळेआधी थांबवावी लागली, कारण गोळीपेक्षा सुई एवढी सरस ठरली की बाकीच्या बायकांना गोळीवर ठेवणं योग्य नव्हतं.

‘‘आणि तो कागद?’’

सहा महिन्यांतून एकदा, पोटाच्या कातडीखाली. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या सोळा ते पंचवीस वयाच्या मुली. ज्या 2,134 जणींना ती सुई दिली त्यांच्यात एकीलाही लागण झाली नाही. शून्य. केपटाउनच्या डॉक्टर लिंडा-गेल बेकर यांनी जुलै 2024 मध्ये म्युनिकच्या परिषदेत हा आकडा सांगितला तेव्हा सभागृह उभं राहिलं होतं. इथं कुणी उभं राहत नाही. मा हाताची घडी घालतात आणि निकाल देऊन टाकतात: ‘‘मग बोलायचं काय राहिलं? ती सुई आली की सगळ्यांना ती द्यायची. तोपर्यंत ही. रिंग आणि बाटली कपाटात ठेवा.’’

हॉलमधल्या निम्म्या माना हलतात. माझीही हलली असती. टक्क्यांचा हिशेब इतका स्वच्छ आहे की त्यापुढे बोलणारा मूर्ख दिसतो. प्रशिक्षिका वाद घालत नाही. ती मांनाच पुढं बोलावते, खुर्चीवर बसवते आणि समोरच्या खुर्चीवर सकाळपासून पंख्याखाली बसलेल्या एका तरुण नर्सला बसवते. ही पेशंट. वय सतरा. शाळेचा गणवेश घालून आलीय. मा, चालू करा.

मा खुर्ची सावरतात. आवाज बदलतो; म्हणजे नाटकाचा होत नाही, रोजचा होतो.

‘‘काय पाहिजे?’’

‘‘सिस्टर, ते... प्रेपचं विचारायचं होतं.’’

‘‘वय किती तुझं?’’

‘‘सतरा.’’

‘‘आईला माहितीय?’’

‘‘नाही, सिस्टर.’’

‘‘शाळा सोडून इकडं कशी? किती जण आहेत? कंडोम का नाही वापरत?’’

प्रशिक्षिका बाजूला उभी राहून एकेका प्रश्नाला हाताचं एकेक बोट उघडते आहे. मांचं तिकडं लक्ष नाही. मुलगी खाली बघते, गणवेशाची न दिसणारी कड चाळवते, आणि मग एक गोष्ट करते जी तिला कुणी सांगितलेली नाही. ती उठते आणि म्हणते, ‘‘डोकं दुखतंय म्हणून आले होते, सिस्टर. पॅनाडो द्या.’’

हॉल कोसळतो. बायका मांड्यांवर थापा मारून हसताहेत, शेजारच्या सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलंय. कारण प्रत्येकीनं ही पॅनाडोवाली मुलगी बघितली आहे. मा पण हसतात, शेवटून दुसऱ्या. या देशाच्या कायद्यानं बारा वर्षांपुढच्या मुलीला आईच्या परवानगीवाचून गर्भनिरोधक मिळतं, एचआयव्हीची चाचणीही करून घेता येते. मांना हा कायदा तोंडपाठ आहे आणि हसू ओसरल्यावर त्या तो म्हणूनही दाखवतात. पण मांच्या घरी सतरा वर्षांची नात आहे. हे त्या सांगत नाहीत, त्यांची शेजारीण सांगते.

जेवणाच्या सुट्टीत बनी चाव येतो. पावाची अर्धी लादी कोरून त्यात घातलेला रस्सा, इथल्या भारतीय वंशाच्या लोकांनी कधीकाळी केलेली सोय, आता सगळ्यांची. हातानंच खायचा. बोलणी पैशांवर येतात. अमेरिकेचा पैसा जानेवारी 2025 मध्ये अचानक थांबला. या देशाच्या एचआयव्ही कार्यक्रमातला तो साधारण 17 टक्के होता. टक्के कमी वाटतात, पण त्यात समुपदेशक होते, घरोघर जाणाऱ्या बायका होत्या, डेटा भरणारी पोरं होती. ‘‘माझ्याकडं दोन समुपदेशक होत्या. आता ते काम मीच करते,’’ शेजारच्या सिस्टर पावाचा कडक तुकडा रश्श्यात बुडवत म्हणतात. नंतर थोडी सूट मिळाली तेव्हा अमेरिकी पैशांतून प्रेप फक्त गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, असा नियम आला. बाकीच्यांनी काय आधी गरोदर राहून यायचं, हा त्यांचा प्रश्न. मला उत्तर सुचत नाही.

हैदराबादचं नाव मात्र त्यांना माहीत आहे, डॉक्टर रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्यांमुळं. सहा महिन्यांच्या सुईचं अमेरिकेतलं छापील दाम वर्षाला 28,000 डॉलरच्या वर. या दोन कंपन्या 2027 पासून तीच सुई वर्षाला 40 डॉलरच्या आसपास देणार, असं सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर झालंय. ‘‘तुमच्याकडून येणार ना? मग लवकर पाठवा,’’ असं मला बजावलं जातं, जणू मी जाऊन पाकिटं भरणार आहे.

दुपारी प्रशिक्षिका एकच काम देते. टेबलावरच्या कुठल्याही वस्तूचं नाव घ्यायच्या आधी मुलीबद्दल आपल्याला काय कळायला हवं? बायका सांगत जातात, ती फळ्यावर लिहीत जाते. खोलीत आणखी कोण राहतं. सामान कुठं ठेवते. क्लिनिकला यायला टॅक्सीचं भाडं किती. डेपोची, म्हणजे गर्भनिरोधकाची, सुई घेते का, तिचा अनुभव कसा. मूल हवंय का इतक्यात. तो हात उचलतो का. या शेवटच्या प्रश्नावर ती थांबते. दार उघडं असेल, रांग ऐकत असेल तर हा विचारू नका, ती म्हणते. आणि विचारलात तर उत्तर ऐकून कुठं पाठवायचं ते आधी माहीत करून घ्या. एक नर्स टीबीचं औषध घालायला लावते. बरोबर, टीबीच्या रिफॅम्पिसिननं रक्तातलं लेनाकापाविर उतरतं आणि या प्रांतात टीबी घरटी आहे. पुस्तकात ते तळटिपेत असतं, इथं ते थेट फळ्यावर येतं.

कुटुंबनियोजनाच्या रांगेबद्दल ती एक गोष्ट सांगते ती मी वहीत उतरून घेते. ‘इको’ नावाची चाचणी. 7,829 बायका, चार देश. कुठल्या गर्भनिरोधकानं एचआयव्हीचा धोका वाढतो का हे बघायचं होतं. 2019 मध्ये उत्तर आलं की तांबी, डेपोची सुई आणि दंडातलं रोपण, तिन्हींत फारसा फरक नाही. पण चाचणीच्या काळात त्यातल्या 397 जणींना लागण झाली. या काही धोक्याच्या वस्तीतून निवडून आणलेल्या बायका नव्हत्या. मूल लांबवायला म्हणून क्लिनिकात आलेल्या. ‘‘तुमच्याच बाकावर बसलेल्या,’’ ती म्हणते. आमच्याकडच्या उपकेंद्रात तांबीसाठी आलेल्या बाईला एचआयव्हीचं कुणी विचारलेलं मी बघितलेलं नाही. तिला विचारतात ते एवढंच, घरच्यांची संमती आहे ना.

पुन्हा दोन खुर्च्या. मा स्वतःहून उठून जाऊन बसतात. समोर तीच तरुण नर्स, आता एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, डर्बनजवळच्या उमलाझीत एका घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी.

‘‘बस, बाळ,’’ मा म्हणतात. मग थांबतात. खरंच थांबतात, पंख्याचा आवाज ऐकू येतो. ‘‘बरं झालं आलीस. काय काय ऐकलंयस तू?’’

मुलगी सांगते. गोळी ऐकलीय. मैत्रिणीच्या आईला सापडली, तमाशा झाला. सुईचं टिकटॉकवर बघितलंय. मा विचारतात, खोलीत कोण असतं? मावसबहीण. ती सामान बघते का? सगळं बघते, सिस्टर, माझे कपडेसुद्धा तीच घालते. आणि तो? तो शनिवारी येतो, खोलीचं भाडं तोच देतो. कंडोम? मुलगी खांदे उडवते. मा पुढं ‘का नाही’ विचारत नाहीत. त्यांच्या ओठांवर ते आलेलं पहिल्या रांगेला दिसतं आणि पहिली रांग श्वास धरते.

मग मा एकेक वस्तू टेबलावरून उचलून मुलीच्या हातात देतात. कुठली किती चालते तेही सांगतात, न फिरवता: सुई सगळ्यांत भारी, गोळी रोज घेतलीस तर रिंगपेक्षा बरी, रिंग त्यांच्याहून कमी आणि फक्त योनीसंबंधांपुरती. कशानंच गर्भ थांबत नाही, दुसऱ्या गुप्तरोगांनाही आळा नाही. प्रत्येक वेळी आधी चाचणी.

‘‘सुई नको,’’ मुलगी म्हणते.

‘‘का गं?’’ हा ‘का’ मांच्या तोंडून वेगळा येतो.

‘‘डेपो घेतली होती. सहा महिने पाळीचं काही खरं नव्हतं. अंगात गेलेलं बाहेर काढता येत नाही, सिस्टर.’’ ती रिंग दोन बोटांत दाबून सोडते. ‘‘ही मला नको झाली तर मी काढीन.’’

‘‘त्याला लागली तर?’’ मा विचारतात.

‘‘बऱ्याच जणांना कळत नाही म्हणतात.’’

‘‘काहींना कळतं. कळलं तर काय सांगशील?’’

दोघी मिळून उत्तर शोधतात. पाळीच्या त्रासावर डॉक्टरांनी दिलंय, असं मुलगी सुचवते. पटलं तर तेच सांग, मा म्हणतात, पण आधी मनात म्हणून बघ. तोंडातून नीट निघालं पाहिजे. मी हे लिहून घेताना जरा अडखळते. सरकारी नर्स पोरीला खोटं कसं बोलायचं त्याची तालीम देते आहे, आणि मला त्यात खोट काढता येत नाही.

मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणतं, तीस टक्के फक्त. मा वळून बघतात. ‘‘तीस टक्के हिच्या अंगात,’’ त्या म्हणतात, ‘‘का शंभर टक्के माझ्या फ्रीजमध्ये?’’ टाळ्या पडतात. मांना टाळ्या आवडलेल्या दिसतात, पण चेहऱ्यावर नाराजी आहे ती आहेच. त्यांना त्या पोरीनं सुई घ्यायला हवी होती. आत्ताही हवी आहे. त्या पेनाचं टोपण काढतात, लावतात, पुन्हा काढतात, आणि नोंदवहीत रिंग लिहितात.

‘‘झालं?’’ प्रशिक्षिका विचारते.

‘‘झालं.’’

‘‘पुढची तारीख?’’

मा बोटांवर मोजतात. एक महिना. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. ‘‘नाताळात कुठं असशील?’’ त्या मुलीला विचारतात.

‘‘गावी आजीकडे, गोगोकडे. नोंगोमाला. जानेवारीच्या मध्यापर्यंत.’’

‘‘तिथल्या क्लिनिकात रिंग मिळते?’’ मांचा हा प्रश्न मुलीला नाही, हॉलला आहे. तिसऱ्या रांगेतून एक बाई मान हलवते. नाही.

‘‘मग हिला दोन द्यायच्या,’’ मा म्हणतात. ‘‘एक आत, एक पर्समध्ये. आणि हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते सांगा, नाहीतर महिन्याअखेरीस साठा जुळत नाही म्हणून मलाच बोलणी.’’

प्रशिक्षिका नोंदवही ओढून घेते. सगळ्या जणी खुर्च्या पुढं सरकवतात, कारण हा प्रश्न प्रत्येकीचा आहे, आणि रकान्यावरून खरी वादावादी आता सुरू होते.